ज्योत्स्ना येईपर्यंत

"पायाला हात लावलेला कळतोय का, एवढंच सांग," चैताली म्हणाली.

"कळतोय गं. किती वेळा इचारशील?"

"कुटल्या पायाला लावलाय?"

पवन छताकडे बघत राहिला. मानेला पट्टा, अंगाखाली कडक फळी आणि अजिबात हलायचं नाही असा हुकूम, त्यामुळे त्याला दुसरं काही बघताही येत नव्हतं. "डाव्या," तो म्हणाला.

त्याच्या बायकोचा, चैतालीचा, हात उजव्या पायावर होता. दुपारी इथे आणलं तेव्हा उजव्या पायाला नुसतं बोट टेकलं तरी त्याला कळत होतं. तिने हात तिथेच राहू दिला, चेहरा शक्य तितका सरळ ठेवला आणि म्हणाली, "व्हय, डाव्याच." मग ओढणी सावरत ती पडद्याबाहेर आली आणि नर्सला गाठून हळू आवाजात सांगितलं. नर्स लगेच फोनकडे वळली. ती इतकी लगेच वळली, याचीच चैतालीला जास्त भीती वाटली.

जांभळीची फांदी दगा देते हे मावळात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पवनलाही होतंच की. पण त्याच्या आईची, भामाबाईची, कार्ले फाट्यावर जांभळा-करवंदांची पाटी, मे संपत आलेला, शनिवारची पुण्या-मुंबईची गर्दी यायची होती आणि पिकलेली जांभळं सगळी शेंड्याला. स्टेशनवर जीप लावायला जायच्या आधी तो चढला. भामाबाई खाली पदर धरून उभी. वरून हसत त्याने काहीतरी ओरडून सांगितलं ते तिला नीट ऐकू आलं नाही, आणि पुढचा आवाज फांदीचा आला. पडला तो बांधाच्या दगडावर, बसल्यासारखा, बुडावर. त्यानंतर ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. चौघांनी काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून उचललं आणि त्याच्याच जिपेच्या मागच्या बाकावर पाय दुमडून निजवलं. कामशेतला एका डॉक्टरला दाखवलं, त्याने हात जोडून हायवेकडे बोट केलं. तेव्हा कुठे तळेगावच्या अलीकडच्या या मोठ्या दवाखान्यात ते आले. जिपेतून उतरवताना इथल्या माणसांनी आधी त्यांना बाजूला ढकललं आणि मग पवनला हात लावला.

इथल्या डॉक्टर अमृता. वयाने चैतालीएवढ्याच, बोलायला सरळ. फोटो, स्कॅन वगैरे सगळं झाल्यावर दुपारीच त्यांनी ओव्हाळांच्या सगळ्या माणसांना उभं करून सांगितलं होतं.

"मणका फुटलाय. त्यातला एक तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर दाबतोय. पायांकडची सगळी खबर त्या दोरातून येते-जाते. दोर तुटलेला नाही, पाय हलतायत, स्पर्श कळतोय, ही आत्ताची चांगली गोष्ट आहे. पण दाब जितका वेळ राहील तितकं आतलं नुकसान वाढत जाणार. बीपी ठीक आहे, छातीला-पोटाला मार नाही. मला आजच तो दाब काढायचाय आणि स्क्रू टाकून मणका धरून ठेवायचाय. उद्या-परवावर नको."

"मंग चालंल का त्यो?" भामाबाईने विचारलं.

"शब्द नाही देणार, मावशी. लवकर केलं तर आशा जास्त. धोका ऑपरेशनमध्ये आहे, नाही असं नाही. पण थांबण्यातही आहे, आणि तो जास्त आहे."

"मॅडम, सूज उतरंपर्यंत थांबत्यात ना पन?" थोरला भाऊ रतन पुढे आला. "आमच्या कंपनीतले साहेब म्हणले, आधी सूज उतरू द्या, मगच हात लावू द्या."

"पूर्वी थांबायचे. आता पेशंटला झेपणार असेल तर थांबत नाही आम्ही."

मग त्या पवनकडे गेल्या. माणूस शुद्धीवर होता, शहाणा होता, तेव्हा सही त्याचीच. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि दात आवळून सांगितलं, "ताईला येऊ द्या मॅडम. आमी तिगं भावंडं बसल्याबिगर आमच्यात सही व्हत न्हाई."

डॉक्टर अमृतांना यातलं काहीच कळलं नाही, आणि कळावं तरी कसं? पवनानगरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी, भामाबाईच्या वडलांनी तिला दिलेला जमिनीचा तुकडा होता. तो पर्यटकांसाठी तंबू टाकणाऱ्या शेठला देताना बाप सखारामने आणि रतनने मिळून परस्पर व्यवहार उरकला. लेकीला काय विचारायचं, ती दिल्या घरची. ज्योत्स्ना लोणावळ्याच्या शाळेत मास्तरीण. तिला ही बातमी बाजारात तिसऱ्याच माणसाने दिली. ती त्याच संध्याकाळी कार्ल्याला आली, ओसरीवर उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली: "मला मेली समजून सह्या केल्यात ना तुम्ही?" मग वर्षानुवर्षं ती उंबऱ्यात आली नाही. धाकट्या पवननेच शेवटी दोन्हीकडे खेटे घालघालून, एकदा हिच्या पाया पडून, एकदा त्याच्यावर डाफरून, सगळ्यांना एका बुद्धपौर्णिमेला घरात बसवलं. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली आणि तिथेच ठरलं की यापुढे या घरातली कुठलीही मोठी सही तिघं भावंडं एकत्र बसल्याशिवाय व्हायची नाही. त्या ठरावावर हे घर पुन्हा उभं राहिलं होतं. जीप घेतली तेव्हा तिघं बसले, चैतालीला पाहायला सुदुंबऱ्याला गेले तेव्हाही तिघं. पवन तर त्या ठरावाला कायद्याच्या वर मानायचा.

आणि ज्योत्स्ना आज बार्शीला होती, नवऱ्याच्या भाचीच्या लग्नात.

* * *

रतन दवाखान्याच्या फाटकाबाहेर टपरीवर उभा होता. हातातला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती.

रतन वाईट माणूस नव्हता. चाकणच्या कारखान्यात शंभर माणसं त्याच्या हाताखाली राबतात. पण सुई टोचायची म्हटलं तरी तोंड फिरवणारा गडी. त्याच्या लाईनवरचा मारुती उंचावरून पडला होता. त्याचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो आजतागायत खाटेवर आहे. रतन दर दिवाळीला त्याला भेटून येतो आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मारुती ऑपरेशनमुळे खाटेला लागला की पडण्यामुळेच, हे रतनने कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या डोक्यात पाठीवरची सुरी आणि मारुतीची खाट एवढीच जोडी बसली होती. त्यामुळे पवनने "ताईला येऊ द्या" म्हटलं तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी बरंच वाटलं. निर्णय पुढे गेला, तेवढा वेळ भाऊ सुरीखाली जायचा वाचला.

सकाळीच त्याने ज्योत्स्नाला फोन केला होता.

"पवन जरा पडलाय गं. कंबरंला मार हाय. दवाखान्यात दाखवतोय."

"किती लागलंय? मी निघू का?"

"छे, छे. काळजी करू नगं. लगीन उरकून नीट ये."

त्याने फोन ठेवला तेव्हा आपण शहाणपणा केला असंच त्याला वाटलं. माणूस प्रवासात असला, परगावी असला की वाईट खबर फोनवर द्यायची नाही, मावळात ही रीतच आहे. सखारामचे वडील गेले तेव्हा मुंबईच्या आत्याला "आजारी आहेत, येऊन जा" एवढंच कळवलं होतं. बाई घाबरून रस्त्यात काही व्हायला नको. दुपारी डॉक्टरचं बोलणं झाल्यावर त्याने पुन्हा फोन लावला. ज्योत्स्नाच्या मागे बँड वाजत होता.

"अक्षता झाल्या आत्ताच. पवन कसा आहे?"

"बरा हाय. तू निघतीयास ना?"

"जेवणं झाली की निघतो. सासूबाई आहेत सोबत, हळूच येऊ. काही काळजीचं नाही ना, दादा?"

बोलायचं ठरवलंही होतं त्याने. "न्हाई न्हाई. ये सावकास," असंच बाहेर पडलं.

तासाभरापूर्वी तिचा मेसेज आला होता, इंदापूरच्या पुढे ताकासाठी थांबलोय म्हणून. सोबत हसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र. रतनने मोबाईल खिशात टाकला आणि चहा तसाच ठेवून आत गेला.

* * *

सखाराम ओव्हाळ बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. रेल्वेच्या गँगमध्ये सगळी नोकरी काढलेला माणूस. मळवली ते लोणावळा रूळ त्यांच्या पायाखालून गेलेले, दोनदा जीव जाता जाता वाचलेला, पण आज ते नुसती टोपीची कड बोटांत फिरवत होते.

समोरच्या बेसिनशी भामाबाई हात धूत होती. कितव्यांदा कोण जाणे. जांभळाचा डाग असा थोडाच जातो? तिने साबणाची अख्खी वडी संपवली होती.

"बस की आता," सखाराम म्हणाले.

"शेंड्याची पिकल्यात, म्हणले मी त्याला," ती नळाकडेच बघत म्हणाली. "त्यो आपला खालचीच काढत व्हता. मीच म्हणले."

"तू ढकललं न्हाईस."

"म्हणले तर मीच ना."

सखारामना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, सुना-लेकांदेखत, तेही या वयात, ते काही त्यांच्याच्याने झालं नाही. तेवढ्यात डॉक्टर अमृता झपाझप चालत पडद्याआड गेल्या. त्यांच्या मागे नर्स, तिच्या मागे चैताली. रतनही फाटकाकडून येऊन उभा राहिला. आतून आवाज येत होते. "हे कळतंय? टोचतंय का बोथट? आता अंगठा वर उचला. उचला. प्रयत्न करा."

डॉक्टर बाहेर आल्या त्या थेट सखारामपुढे उभ्या राहिल्या.

"आजोबा, उजवा पाय दुपारपेक्षा कमजोर झालाय. ताकदही गेली, स्पर्शही कमी झाला. डावा अजून आहे. मी दुपारी जे सांगत होते ते हेच. थिएटर मी धरून ठेवलंय, पण अजून किती वेळ धरणार? कुणाची वाट बघताय तुम्ही?"

"लेकीची," सखाराम म्हणाले. म्हणताना त्यांचा त्यांनाच आवाज परका वाटला.

"त्या डॉक्टर आहेत?"

"न्हाई. मास्तरीण हाय."

नर्सला कागद तयार ठेवायला सांगून डॉक्टर जिन्याकडे गेल्या.

"रतन," सखाराम म्हणाले, "सही करून टाकू या."

"आबा, आत्ता? इतका येळ थांबलो, आता तासा-दोन तासाचा प्रश्न हाय. ती आली आन तिला कळलं की पुन्यांदा तिच्या माघारी..." रतनचा आवाज चढला. "मागच्या खेपंला तिनं काय सुनावलं ते तुमी ऐकलंय. मला त्ये परत ऐकायचं न्हाई. आन उद्या पवनला काय झालं तर? मंग कुनाकडं बघायचं आपुन?"

"व्हय बाबा," भामाबाई बेसिनपासूनच म्हणाली. "पाट चिरायची म्हंजी काय खेळ हाय? येऊ द्या तिला. तिला समजतंय, शिकलेली हाय ती."

म्हणजे मायलेक एका बाजूला. सखाराम दुपारपर्यंत त्यांच्यातच होते, आता मधल्यामध्ये लोंबकळत होते. घरात मोठेपणा त्यांचा, पण त्या जमिनीच्या व्यवहारानंतर ते कुठल्याच गोष्टीला "मी सांगतो म्हणून" असं म्हणेनासे झाले होते.

चैताली इतका वेळ पडद्याशी उभी होती. सासरी येऊन तिला चार वर्षं झाली, थोरल्या दिरापुढे तिने कधी आवाज काढला नव्हता. या घरात सगळे तिला गोड म्हणायचे, कारण ती कधी कुणाच्या अध्यात नसायची.

"भाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "त्यो ठराव कशाचा व्हता? जमिनीचा का मानसाचा?"

"सही म्हंजी सही, चैताली."

"जमीन चार दिसांनी इकली काय आन चार वर्सांनी, तितंच ऱ्हाती ती. पाय ऱ्हाईल का?"

"मी काय त्याचा दुस्मन हाय का?"

"न्हाई. तुमी भ्यालाय," चैताली म्हणाली. "मीबी भ्यालीय. माजी तर बोटं गार पडल्यात, बघा." आणि तिने खरोखरच हात पुढे केला. रतन त्या हाताकडे बघतच राहिला. "मला त्या तिगांत जागा न्हाई, मला ठाऊक हाय. मी कदी मागितलीबी न्हाई. पन उद्यापास्नं त्यांना उचलून न्हाणीत न्यायचं कुनी? तिगांनी बसून का मी?"

"चैताली!" भामाबाई म्हणाली. पण त्यात रागवण्यापेक्षा रडणंच जास्त होतं.

सखाराम उठले. भिंतीला हात लावून उभे राहिले. "जा पोरी," ते म्हणाले. "त्याला इचार. त्यो व्हय म्हनला तर माजीबी सही धर. ज्योत्स्नाला काय सांगायचं त्ये मी सांगीन."

* * *

पडद्याआड पवनचे डोळे मिटलेले होते. ती जवळ गेली तसे उघडले.

"ताई कुटवर आली?"

"येतीय." ती त्याच्या तोंडावर वाकली, म्हणजे त्याला छताऐवजी ती दिसावी. "ऐक. मगाशी मी खोटं बोलले तुज्याशी. तू डाव्या म्हनलास ना, माजा हात उजव्या पायावर व्हता."

पवनच्या कपाळावर घाम आला. त्याची नजर खाली, पायांकडे जायला धडपडत होती आणि पट्टा ती जाऊ देत नव्हता.

"आता कुटं हाय हात?" त्याने विचारलं.

"डाव्यावर. दाबतीय. कळतंय का?"

"कळतंय." त्याचा श्वास भराभर चालू झाला. "चैते, मला लय भ्या वाटतंय."

"मलाबी."

"दादाला बोलाव. ताईला फोन लावू. फोनवरच इचारू तिला. बसल्यासारखंच झालं की त्ये. दादा!"

रतन आत आला. मागे सखाराम, त्यांच्या मागे ओले हात घेऊन भामाबाई. पडद्याआडच्या तेवढ्याशा जागेत सगळं घर दाटीवाटीने उभं राहिलं.

"दादा, ताईला फोन लाव. सगळं सांगितलंस ना तू तिला? मंग नुसतं व्हय म्हनायला किती येळ लागतोय?"

रतनने मोबाईल काढला. नाव समोर आणलं. अंगठा त्यावर धरला आणि तसाच राहिला.

"लाव की."

"तिला ठाऊक न्हाई," रतन म्हणाला.

"काय ठाऊक न्हाई?"

"ऑपरेशनचं. मी नुसतं पडलाय म्हनलं. ती परगावी, संग म्हातारी सासू... म्हनलं वाटंत घाबरी व्हायची. आल्यावर समोर बसून सांगू."

भामाबाईने ओले हात पदराला पुसले.

"म्हंजी," चैताली सावकाश म्हणाली, "ती कशासाठी येतीय त्येच तिला म्हाईत न्हाई. आन आपुन दुपारपास्नं तिची वाट बघतोय."

रतनचा चेहरा पडला. "मारुती डोळ्यांपुडं येतोय माज्या," तो पुटपुटला. "तुला तसा बघवायचा न्हाई रं मला."

ज्या ठरावासाठी पवनने दोन्ही घरचे उंबरे झिजवले होते तो आपल्याच हाताने मोडायचा, याचं त्याला वाईट वाटत होतं. चैतालीने ते ओळखलं. पण तिने त्याची समजूत घातली नाही.

"मॅडमना बोलवा," पवन म्हणाला. "दादा, तू हितंच थांब. माजा हात धर. तू नको म्हनलास तरी मी सही करनार हाय, पन धर."

रतनने हात धरला.

कागद आले, पेन आलं. उताण्या माणसाच्या डोळ्यांवर कागद धरून नर्स उभी राहिली, तर उलट्या पेनातून शाई उतरेना. दोनदा झटकलं, दुसरं आणलं, तेही चालेना. शेवटी नर्स शाईचं पॅड घेऊन आली. "अंगठा चालेल," ती म्हणाली. ओव्हाळांच्या घरात सखारामच्या वडलांनंतर कुणी अंगठा उठवला नव्हता. शाळेत जाऊन सही शिकणं ही या घराची सगळ्यात मोठी कमाई होती. सखारामनी तोंड फिरवलं. नर्सने पवनचा अंगठा धरून शाईत टेकवला, मग कागदावर. साक्षीदार म्हणून खाली चैतालीने आपलं नाव पूर्ण लिहिलं: चैताली पवन ओव्हाळ.

त्यानंतर सगळं फार लवकर झालं. इतका वेळ जे अडून होतं ते इतक्या लवकर होऊ शकत होतं, हे बघूनच चैतालीला भोवळ आल्यासारखं झालं. चाकांची खाट वळली, दारं उघडली, भामाबाईने चालत्या खाटेवर हात ठेवला आणि नर्सने तो हळूच काढला. दारं मिटली.

* * *

ज्योत्स्ना आली तेव्हा ऊन उतरलं होतं, बाहेर हायवेवरच्या गाड्यांनी दिवे लावायला सुरुवात केली होती. अंगावर लग्नातली जरीची साडी, केसांत कोमेजलेला गजरा, हातात मेंदी आणि बुंदीच्या लाडवांचा खोका. पवनला बुंदीचे लाडू आवडतात म्हणून तिने मुद्दाम मागून घेतला होता. वऱ्हांड्याच्या टोकाकडून ती हसतमुखानेच आली.

"कुठंय आमचा हनुमान? या वयात झाडावर चढतो म्हणजे..." मग तिने आईचा चेहरा बघितला.

चैतालीने दुपारपासून या घटकेची तयारी करून ठेवली होती. ही आली की हिला सांगायचं, तुमच्या मानापानापायी माझ्या माणसाचा पाय चालला. तिला काहीच सांगितलं नव्हतं हे कळल्यावरही ते शब्द तोंडातून गेले नव्हते.

सखारामनी कबूल केल्याप्रमाणे स्वतः सांगितलं. उभं राहून, टोपी हातात घेऊन, काहीही न लपवता. मणका, तुकडा, दाब, उजवा पाय. ज्योत्स्ना ऐकत गेली. तिचा एक हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"डॉक्टरांनी हे कधी सांगितलं, आबा?"

"दुपारी."

"आणि आत कधी नेलं?"

"हे आत्ता. मगाशी."

"मग मध्ये काय चाललं होतं?"

शेवटी भामाबाईच म्हणाली, तिला वाटलं की हे ऐकून लेकीला बरं वाटेल. "तुजी वाट बघत व्हतो, बाय. तुज्याबिगर कसं करायचं? ठरलंय ना आपलं."

"माझी?" ज्योत्स्ना म्हणाली. "मी तर ताक पीत होते. इंदापूरला ताक पीत बसले होते मी. सासूबाईंना पाय मोकळे करायचे होते, म्हणून आम्ही तिथल्या दुकानात चादरी बघितल्या." तिने रतनकडे बघितलं. "तू म्हणालास सावकाश ये."

"तू परवासात व्हतीस. म्हनलं घाबरशील."

"एका मिनिटात सांगितलं असतं मी. करा म्हणून. लग्नाच्या मांडवातून ओरडून सांगितलं असतं." ती ओरडत मात्र नव्हती, आवाज उलट खाली खाली जात होता. "जमिनीच्या वेळी मला विचारलं नाहीत ते मी सोसलं, दादा. हे नाही सोसायचं मला. तो उठला नाही ना, तर आयुष्यभर ज्याला-त्याला हेच ठाऊक असणार की ज्योत्स्ना यायची होती म्हणून थांबले. त्यालाही. तुम्ही त्याचे पाय माझ्या नावावर केलेत."

रतन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. भामाबाई बाकावर बसली आणि आपले जांभळे तळवे पदरात लपवून हुंदके देऊ लागली. लाडवांचा खोका कुणीतरी ज्योत्स्नाच्या हातातून काढून घेतला.

मग ज्योत्स्ना चैतालीकडे वळली. ती आता काय बोलणार म्हणून चैताली ओढणी घट्ट धरून उभी राहिली. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती, चैतालीच्या होती तशीच.

"चैताली, तू तरी," ती म्हणाली. "तू तरी मला एक फोन का नाही केलास गं?"

चैतालीने तोंड उघडलं. दुपारपासून मोबाईल तिच्या मुठीत होता, त्यात ताईंचा नंबर होता, आणि सबंध दिवसात तो लावावा असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ही ऑपरेशनला नकोच म्हणणार, असं तिने विचारायच्या आधीच धरून टाकलं होतं.